हवापालट आणि पनवेलची वाट

इतिहासकार लढायांची, तहांची आणि राज्यक्रांत्यांची मोजदाद मोठ्या काळजीने ठेवितात. परंतु माणसे हवा पालटण्यासाठी कोठे गेली, का गेली आणि निघण्यापूर्वी त्यांनी कोणकोणते हिशेब केले, ह्याची नोंद त्यांच्या ग्रंथांत क्वचितच सापडते. ते काम व्यापाऱ्यांच्या याद्या, आगबोटींची वेळापत्रके आणि प्रवाशांची पत्रे ह्यांवर सोपविलेले असते. तथापि एखाद्या युगाची मनोवृत्ती जाणून घ्यावयाची असेल, तर त्या युगातील माणूस चार दिवसांची रजा मिळाली असता कोणत्या दिशेस तोंड करितो, हे पाहणे फार उपयुक्त ठरते.

आज उत्तर युरोपात दिवस लहान होऊ लागले, म्हणजे तेथील साधारण स्थितीचे कुटुंबही रात्रीच्या जेवणानंतर नकाशा पुढे घेऊन बसते. कोणत्या महिन्यात कोठे पाऊस नसतो, विमान कोठे बदलावे लागते, कोणती लस आधी टोचून घ्यावी, लहान मुलांस ऊन सोसेल की नाही, आणि एकंदर खर्च वर्षाच्या शिलकेत बसेल की नाही, असे प्रश्न एकामागून एक निघतात व सुटतात. आणि अखेरीस मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका किंवा आपला गोमंतक ह्यांपैकी एका किनाऱ्यावर बोट टेकते. थंडीतून उन्हाकडे जाण्याची ही ओढ आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती मनुष्यस्वभावातच असावी असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. दोनशे वर्षांपूर्वी ह्याच लोकांच्या पूर्वजांना उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे स्मशानाचा शेजार वाटे. ह्या दोन टोकांमधील अंतर कसे तुटले, आणि ते तुटताना हिशेबातून काय गळाले, ह्याचा विचार येथे करण्याचा आमचा हेतू आहे. आणि तो करिताना उभे राहण्याची जागा म्हणून आम्ही पनवेल निवडले आहे.

पनवेलच का, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर भूगोलात आहे. मुंबई हे बेट होते. त्या बेटावरून देशावर जावयाचे तर प्रथम पाणी ओलांडणे प्राप्त होते. मुंबईच्या धक्क्यावरून भरतीचा सुमार पाहून मचवा सोडावा, घारापुरी मागे टाकून वीस-बावीस मैलांची खाडी चढून पनवेलच्या बंदरास लागावे, आणि तेथून चौक, खोपोली, बोरघाट, खंडाळा ह्या क्रमाने पुणे गाठावे, असा रूढ मार्ग होता. घाटावरून उतरलेल्या बैलगाड्या येथे माल टाकीत आणि परत जाताना पनवेलच्या सुतारांनी केलेली चाके घेऊन जात. इतकी त्या चाकांची देशावर ख्याती होती. सारांश, जो कोणी युरोपीय प्रवासी मुंबई पाहून पुण्यास निघे, त्याला पनवेलच्या बंदरावर पाय ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. १८०४ साली लॉर्ड व्हॅलेंशिया हा इंग्रज सरदार दुसऱ्या बाजीरावाच्या भेटीस गेला तो ह्याच वाटेने. १८०९ च्या डिसेंबरात मराया ग्रॅहॅम ही विदुषी कार्ल्याची लेणी आणि पेशव्यांची राजधानी पाहावयास गेली तीही ह्याच वाटेने. ह्या बाईंचे प्रवासवृत्त १८१२ साली छापले गेले. पुण्याहून परतल्यावर १८१० साली त्या सिलोन बेटासही जाऊन आल्या. स्वतःच्या कुतूहलाखातर उष्ण देश पाहणाऱ्या आणि पाहिलेले टिपून ठेवणाऱ्या प्रवाशांच्या मालिकेत त्यांचे स्थान बरेच आरंभीचे आहे.

ह्या वाटेवरील सर्वांत विचार करावयास लावणारा प्रवासी मात्र १८२५ साली आला. रेजिनाल्ड हेबर हा कलकत्त्याचा लाटपाद्री. १८२३ च्या जूनमध्ये त्याने इंग्लंडचा किनारा सोडला, तो ऑक्टोबरात बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी पोचला. पुढे उत्तर हिंदुस्थानचा मोठा दौरा करून तो मुंबईस उतरला आणि १८२५ च्या जून अखेरीस, भर पावसात, पनवेलच्या मार्गाने पुण्यास गेला. पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी हे देऊळ त्याच्याच हातून त्या वर्षी पावन करण्यात आले. माणूस विद्वान, सहृदय आणि रसिक होता; त्याच्या रोजनिशीत ह्या देशातील लोकांविषयी अनेक ठिकाणी आपुलकीचे उद्गार आढळतात. परंतु जगात त्याचे नाव राहिले ते त्या रोजनिशीमुळे तितके नव्हे, जितके एका भक्तिगीतामुळे. हे गीत त्याने १८१९ साली, हिंदुस्थान डोळ्यांनी पाहण्यापूर्वी चार वर्षे, वेल्समधील एका गावी बसून थोडक्या वेळात रचिले होते. त्यात ग्रीनलंडच्या हिमपर्वतांपासून सिलोन बेटाच्या सुगंधी वाऱ्यापर्यंत सारी पृथ्वी कवीच्या दृष्टीखाली येते. आणि त्या बेटाविषयी त्याचा अभिप्राय असा की, तेथील प्रत्येक देखावा रमणीय आहे, हीन आहे तो केवळ तेथील मनुष्य. महात्मा गांधींनी १९२५ साली कलकत्त्यास मिशनऱ्यांपुढे बोलताना ह्या ओळींचा उल्लेख करून, त्या आपल्या मनास नेहमी टोचत आल्या आहेत, असे सांगितले होते.

हे गीत धर्मप्रचाराचे आहे आणि आमचा विषय हवापालटाचा आहे, हे खरे. तथापि आमच्या मते पुढील दोनशे वर्षांच्या बेटविहाराचे बीज ह्या कल्पनेत जसेच्या तसे सापडते. थंड देशातील माणूस आपल्या शेगडीशी बसून एक बेट कल्पितो. त्यात वारा, सुगंध आणि झाडी मनाजोगती घालितो. आणि तेथे पूर्वीपासून राहत असलेल्या माणसांपाशी आला, म्हणजे त्याची लेखणी अडते. तो त्यांना सुधारू तरी पाहतो, सेवेस तरी लावतो, नाहीतर चित्रातून पुसून तरी टाकतो. हेबरपुरते सांगावयाचे तर पनवेलची वाट करून आल्यानंतर, त्याच १८२५ सालच्या ऑगस्टात, तो सिलोनास गेला आणि सहा वर्षांपूर्वी कल्पनेने रंगविलेले बेट त्याने प्रत्यक्ष पाहिले. त्या बेटाचा निरोप घेऊन वर्षही झाले नाही, तोच ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्ली येथे स्नानाच्या हौदात त्याचा अंत झाला. वयाची ४३ वर्षे पुरी व्हावयाची होती.

त्या काळी उष्ण देशाच्या प्रवासाची आखणी करणे म्हणजे एका अर्थी मृत्युपत्राची आखणी करणे होते. मुंबईत येणाऱ्या युरोपीयाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती. तरी लोक निघत, आणि निघण्यापूर्वी याद्या करीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजावर उतारूस रिकामी खोली मिळे. पलंग, टेबल, दिवा, हात धुण्याचे भांडे, सारे ज्याचे त्याने आणावयाचे. गोड्या पाण्याची टंचाई असल्यामुळे वाटेत कपडे धुणे दुरापास्त. म्हणून सदरे आणि पायमोजे डझनांनी मोजून घ्यावे लागत. असल्या अडचणींत नवख्यास मार्गदर्शक व्हावे म्हणून एमा रॉबर्ट्स ह्या इंग्रज लेखिकेने १८३९ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. हिंदुस्थानास जाणाऱ्याने काय घ्यावे, काय टाकावे, कसे वागावे, ह्याविषयी थोडक्या वेळात वाचून होईल असा उपदेश, असे त्याचे स्वरूप. त्याच वर्षी बाई फ्रान्स व मिसर ह्या मार्गाने स्वतः मुंबईस आल्या. पुढील वर्षी त्या पुण्यास गेल्या आणि १६ सप्टेंबर १८४० रोजी तेथेच वारल्या. त्यांचे दफन मराया जेन ज्यूसबरी ह्या कवयित्रीच्या थडग्याजवळ झाले; ही कवयित्री १८३३ साली पुण्यासच पटकीने मरण पावली होती. दुसऱ्यांस उष्ण देशाची तयारी शिकविणारी स्त्री वर्षभरात त्याच देशाच्या मातीस मिळावी, ह्यात दैवाची थट्टा आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यात इतकेच दिसते की, त्या काळच्या कोणत्याही यादीत पटकीचा किंवा हिवतापाचा उपाय लिहिणे कोणासच शक्य नव्हते.

ह्या भयाचा एक परिणाम मोठा लक्षणीय झाला. उष्ण देशात अडकलेला युरोपीय विश्रांतीसाठी समुद्राकडे जात नसे. तो समुद्रापासून दूर, डोंगरावर पळे. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम ह्याने महाबळेश्वरास उर्जितावस्था आणिली. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा पनवेल-खंडाळा रस्त्यावरील चौक गावाच्या बाजूने समोरचा डोंगर चढला आणि माथेरान उदयास आले. पनवेलच्या खाडीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले असता प्रबळगड आणि त्यापलीकडे माथेरानचा सपाट माथा दिसतो. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्या काळच्या साहेबाची हवापालटाची सारी कल्पना ह्या देखाव्यात सामावली आहे: खाली खाडी, चिखल, ताप आणि काम, वर गारवा, झाडी आणि सुट्टी. ज्या किनाऱ्यासाठी आज विमाने भरून येतात, त्या किनाऱ्यापासून सुटका करून घेणे हीच तेव्हाची चैन होती.

मग हे चक्र उलटे फिरले कसे? त्यास एक कारण नाही, चार-पाच कारणे एकावर एक रचली गेली. पहिले कारण वेग. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुमारे महिन्याभरात सुवेझला पोचली, आणि केपचा वळसा घेणे अपरिहार्य नाही हे सिद्ध झाले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि चार-पाच महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. दुसरे कारण, आखणीचे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याची सोय. टॉमस कुक ह्याने १८४१ साली लेस्टरहून लफबरोपर्यंत मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी आगगाडीने लोक नेले, तेथून ह्या धंद्याची सुरुवात झाली. १८८१ साली त्याच्या पेढीची कचेरी मुंबईत उघडली. तिकीट, खोली, हमाल आणि जेवण ह्यांची एकच रक्कम आगाऊ भरावी आणि निर्धास्त असावे, ही कल्पना आज आपणांस साधी वाटते; पण हिच्यामुळेच प्रवास हे साहस न राहता विकत घेण्याची वस्तू बनली.

तिसरे कारण वैद्यकाचे. क्विनाइन हे सिंकोनाच्या सालीतून १८२० सालीच वेगळे काढण्यात आले होते. परंतु हिवताप येतो कोठून, हे कोडे सुटावयास २० ऑगस्ट १८९७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्यास डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. म्हणजे दोष हवेचा नव्हता, दलदलीतून निघणाऱ्या वाफेचाही नव्हता. एका पिढीच्या आत ‘वाईट हवा’ ही कल्पनाच पदच्युत झाली आणि उष्ण किनारा निर्दोष ठरला. चौथे कारण त्याहून विलक्षण. ज्या सूर्यापासून गोरे लोक छत्री, टोपी आणि बुरखे घेऊन पळत, तोच सूर्य वैद्य बनला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन ह्यास प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करण्याच्या शोधाबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली स्वित्झर्लंडातील लेझां येथे डॉक्टर रोल्ये ह्याने क्षयरोग्यांस उन्हात ठेवून बरे करण्याचा दवाखाना काढिला. पहिल्या महायुद्धानंतर उन्हाने तांबूस झालेली कातडी हे मोलमजुरीचे लक्षण न राहता सुखवस्तूपणाचे चिन्ह ठरू लागले. पाचवे कारण कायद्याचे. फ्रान्सने १९३६ साली कामगारांस दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. इंग्लंडने १९३८ साली त्याच दिशेने कायदा केला. विश्रांती हा सरदाराचा शौक न राहता कारकुनाचा आणि गिरणीकामगाराचा हक्क झाला. त्यावर १९५२ साली उतारूंसाठी जेट विमाने आणि १९७० साली शेकडो उतारू नेणारे जंबो विमान आले, आणि रचना पुरी झाली. सेशेल्स बेटांचा विमानतळ १९७१ सालचा. मालदीवमधील पहिले रिसॉर्ट १९७२ सालचे. ग्रीनलंडच्या बाजूकडून सिलोनच्या बाजूकडे, म्हणजे हेबरच्या गीतातील एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, आता एका रात्रीत जाता येऊ लागले.

येथवर जी हकीकत सांगितली ती येणाऱ्यांची झाली. परंतु त्याच समुद्रातून, त्याच बेटांकडे, आपल्या बाजूनेही माणसे गेली होती, आणि त्यांच्या प्रवासाची आखणी त्यांनी स्वतः केलेली नव्हती. आज ज्या मॉरिशसची चित्रे पाहून नवविवाहित जोडपी तिकिटे काढितात, त्या बेटावर १८३४ पासून गिरमिटिया मजूर नेण्यास आरंभ झाला. गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाचे मळे संपले नव्हते. म्हणून करारावर अंगठा घेऊन हिंदुस्थानातून माणसे नेण्यात आली. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेली. परंतु मुंबई बंदरातूनही गेली आणि त्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, गणेशोत्सव करितात, आणि त्यांची मुले शाळेत मराठी शिकतात. पोर्ट लुई येथे ह्या मजुरांस जहाजावरून उतरवून घेण्याचे जे आवार होते, त्यास आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ह्या लोकांनाही बेटाचे वर्णन कोणीतरी करून सांगितलेच असेल. तेथील हवा, पगार आणि अन्न ह्यांची स्तुती दलालांनी केलीच असेल. फरक इतकाच की, त्यांच्या करारात मुदत वर्षांची होती, दिवसांची नव्हे.

दुसरे उदाहरण पनवेलच्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. पनवेलनजीकच्या शिरढोण गावी १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके ह्यांस सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी एडनला झाली. एडन हे त्या वेळी मुंबई इलाख्याच्या ताब्यात होते आणि इंग्लंडाहून मुंबईस येणाऱ्या आगबोटींचे कोळसा घेण्याचे ठाणे होते. हिवाळ्यात थंडीस कंटाळून हिंदुस्थान पाहावयास निघालेले हौशी प्रवासी तेथे तास-दोन तास पाय मोकळे करीत आणि पुढे जात; त्याच वेळी तेथील तुरुंगात शिरढोणचा हा पुरुष झिजत होता. तुरुंग फोडून त्यांनी सुटण्याचा यत्न केला, तो फसला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तेथेच देह ठेविला. एकाच जलमार्गाचे हे दोन उपयोग इतिहासाने शेजारी शेजारी मांडून ठेविले आहेत. प्रवासाच्या पुस्तकांत त्यांपैकी एकच आढळतो.

आता पुन्हा हेबरच्या ‘रमणीय देखाव्या’कडे वळू. मालदीवमधील रिसॉर्टांची पद्धत अशी पडली की, प्रत्येकासाठी एक निर्जन बेट भाड्याने द्यावयाचे; जेथे गाव आहे, मशीद आहे, शाळा आहे, त्या बेटांवर परक्या पाहुण्यांनी मुक्काम करण्यास दीर्घकाळ मुभा नव्हती. २००९ नंतर ती बंधने सैल झाली. ह्या व्यवस्थेत मालदीवच्या सरकारचा हेतू आपल्या समाजाचे आचार सांभाळण्याचा होता आणि तो समजण्याजोगा आहे. पण पाहुण्याच्या बाजूने पाहता परिणाम असा झाला की, गीतात जे शब्दांनी झाले होते ते येथे नकाशाने झाले. देखावा राहिला, मनुष्य वगळला गेला. जो मनुष्य दिसतो तो गणवेशात, हातात तबक घेऊन दिसतो.

गोव्याची गोष्ट ह्याच्या उलट. तेथील किनारा निर्जन नव्हता. रापणकारांच्या होड्या, माडांच्या बागा आणि दाट वस्ती ह्यांनी तो भरलेला होता. १९८७ साली युरोपातून थेट दाबोळीस येणारी भाड्याची विमाने सुरू झाली, तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ ह्या संघटनेने पाहुण्यांचे स्वागत निषेधाने केले. विहिरींचे पाणी हॉटेलांच्या तलावांकडे जाईल, किनाऱ्याची वाट कोळ्यांस बंद होईल, आणि गोव्याची प्रतिमा मद्य आणि मौज एवढीच उरेल, अशी त्यांची तक्रार होती. त्या वेळी कित्येकांनी तिची टवाळी केली. पुढे काय झाले ते वाचक जाणतातच.

कोणी म्हणेल की, हे रडगाणे एकांगी आहे. पाहुण्यांच्या पैशाने मालदीवसारख्या देशात दवाखाने आणि शाळा उभ्या राहिल्या, गोव्यात हजारो घरांत चूल पेटली. हे आम्हांस मान्य आहे. मासळी आणि नारळ ह्यांपलीकडे ज्या देशापाशी विकावयास फारसे नाही, त्याने आपले ऊन आणि निळे पाणी विकले तर त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. आमचा आक्षेप व्यापारास नसून हिशेबास आहे. पाहुणा ज्या विमानाने येतो त्याच्या धुराने हवा तापते, हवा तापल्याने समुद्र चढतो, आणि मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दीड मीटरदेखील उंच नाही. हा खर्च तिकिटाच्या किमतीत कोठेही धरलेला नसतो. एमा रॉबर्ट्सबाईंच्या काळातील यादीत पटकी लिहिता येत नव्हती, कारण ती कोणास उमगली नव्हती. आजच्या यादीत समुद्राची चढण लिहिली जात नाही, ती उमगूनही.

ह्या हिशेबास आणखी एक बाजू आहे आणि ती पनवेलने स्वतः भोगिलेली आहे. प्रवासी ज्या गावावरून जातो, त्या गावास आपण त्याच्या मार्गाचे धनी आहो असे वाटू लागते. १८३० साली माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा पनवेलची भरभराट वाढली. १८५२ साली येथे नगरपालिका आली, म्हणजे राज्यातील अगदी जुन्या नगरपालिकांत हिची गणना होते. परंतु १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, ती कल्याणावरून खोपोलीस गेली, आणि १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पुरा होताच मुंबईचा उतारू पनवेलचे नावही न घेता पुण्यास पोचू लागला. खाडी तीच, भरती तीच, चाके करणारे सुतारही तेच. पण वाट बदलली. पनवेलास आगगाडी पाहावयास त्यानंतर शंभर वर्षे वाट पाहावी लागली. आधुनिक काळात ह्याच प्रकारचा धक्का किनाऱ्यांना बसतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी इंग्लंडातील टॉमस कुकची जुनी पेढी बुडाली, तेव्हा हंगामाच्या तोंडावर गोव्यातील हॉटेलवाले, टॅक्सीवाले आणि किनाऱ्यावरील शॅकवाले हवालदिल झाले. लंडनमधील हिशेबाच्या वह्यांत काय घडत आहे, ह्यावर कळंगुटच्या माणसाचे पोट अवलंबून असावे, ही स्थिती स्वावलंबनाची खास नव्हे.

आणि आता काळाने पनवेलास पुन्हा एकदा वाटेवर आणून बसविले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. सुमारे ११६० हेक्टरांच्या ह्या कामासाठी उलवे टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावांच्या वस्त्या हलविण्यात आल्या. जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न ह्या भागास नवा नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी पडले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याची योजना त्या बलिदानातून निघाली. ज्यांची जागा घ्यावयाची त्यांना हिशेबात धरावेच लागते, हा धडा पनवेल-उरणच्या लोकांनी पुस्तकातून घेतलेला नाही.

एवढ्यासाठीच आमचे म्हणणे आमच्या वर्गातील कुटुंबांपुढे विशेष आग्रहाने मांडावेसे वाटते. कारण आता भूमिका पालटली आहे. दोनशे वर्षे पनवेलकर बंदरावर उभा राहून दुसऱ्यांचे सामान उतरवीत होता; आज तोच घरी बसून मॉरिशसचा किंवा मालदीवचा बेत आखतो. त्याला थंडीतून पळावयाचे नसते. त्याच्या अंगणात ऊन आणि खाडी दोन्ही आहेत. तरीही तो जातो, कारण थंड देशातील माणसाने रंगविलेले बेटाचे चित्र त्याने जसेच्या तसे उचलले आहे, आणि त्या चित्रात मनुष्य नाही. आपण प्रवास करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. घरकोंबडेपणाचा पुरस्कार ह्या लेखकाकडून होणार नाही. परंतु ज्यांच्या जमिनीवरून दुसऱ्यांची वाट गेली, त्यांनी दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जाताना तेथील गावाचे नाव, तेथील पाण्याची वाटणी आणि तेथील माणसाची मजुरी विचारावी, इतकी अपेक्षा अनुचित होणार नाही.

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी कुटुंबास तर ही चौकशी आपल्याच घरची ठरण्याचा संभव आहे. त्या बेटावर मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. तेथे गिरमिटिया मजुरांची जुनी दफ्तरे जपून ठेविलेली आहेत. जहाजावरून उतरलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि जिल्हा असे रकाने त्यांत आहेत. सहलीच्या आठ दिवसांपैकी एक दिवस समुद्रस्नान बाजूस ठेवून पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहावा, त्याच्या पायऱ्या चढाव्यात, आणि मोक्यास जाऊन त्या दफ्तरांची चौकशी करावी. कोकणातील कोणते गाव कोणत्या साली त्या बेटावर उतरले, हे त्या रकान्यांत लिहिलेले आहे.